तीस क्लबांच्या मालकांनो, रिहॅबचा हिशेब मांडा

प्रति,
मेजर लीग बेसबॉलच्या तीस क्लबांचे मालक आणि त्यांची व्यवस्थापन मंडळी,

स. न. वि. वि.

पत्र मराठीत आहे, त्याबद्दल दिलगिरी वगैरे नाही. जपानी आणि स्पॅनिश बोलणाऱ्या खेळाडूंसाठी तुम्ही दुभाषे पदरी ठेवताच, एखादा मराठीचाही मिळेल. शिवाय हे पत्र जितकं तुम्हाला आहे तितकंच टॅम्पा, डॅलस, एडिसन अशा गावांतल्या मराठी घरांनाही आहे. त्या घरांतल्या काही मुलांचे शनिवार-रविवार आता बेसबॉलच्या मैदानावर जातात, आणि मुलाचा चेंडू ताशी किती मैल गेला हे दाखवणारं यंत्र त्याला वाढदिवसाला भेट मिळतं.

मी फिजिओथेरपिस्ट आहे. शिक्षण महाराष्ट्रात झालं, काम फ्लोरिडाच्या पश्चिम किनाऱ्यावर, ब्रेडेंटनपासून गाडीने फार लांब नाही अशा ठिकाणी. तुमच्या कुठल्याही क्लबची मी नोकर नाही, कधी नव्हते. माझ्याकडे येतात ती शाळकरी मुलं, उजवा कोपर डाव्या हाताने धरून. तुमची नोकरी करणारे पिचर, म्हणजे फलंदाजाकडे चेंडू फेकणारे खेळाडू, माझ्याकडे येत नाहीत. त्यांची व्यवस्था तुम्ही करता, आणि ती फार चांगली करता. माझी तक्रार उपचारांबद्दल नाहीच. ती उपचारांनंतरच्या गप्प बसण्याबद्दल आहे: शस्त्रक्रियेनंतर किती पोरं खरंच परत खेळतात आणि किती बाहेर फेकली जातात, हे तुम्ही सांगत नाही.

उदाहरणादाखल जवळचंच ठिकाण घेते, पिट्सबर्ग पायरेट्सचं पायरेट सिटी. तुमच्यापैकी प्रत्येकाकडे फ्लोरिडात किंवा ॲरिझोनात असं एक संकुल आहे, तेव्हा पायरेट्सच्या मंडळींनी हे एकट्यावर ओढून घेऊ नये. १९६९ साली पायरेट्स फोर्ट मायर्स सोडून ब्रेडेंटनला आले आणि पायरेट सिटी सुरू झालं. ज्या रस्त्यावर ते उभं आहे त्याला पायरेट्सच्या रॉबर्टो क्लेमेंटे या थोर खेळाडूचं नाव आहे. निकाराग्वाच्या भूकंपग्रस्तांसाठी मदत घेऊन जाताना ३१ डिसेंबर १९७२ ला विमान कोसळून तो गेला. कारकिर्दीतले शेवटचे काही वसंत-सराव, म्हणजे हंगामाआधीची सराव शिबिरं, त्याने ब्रेडेंटनलाच केले होते. आत सरावाची मैदानं, व्यायामशाळा, उपचारांच्या खोल्या, जेवणघर आणि खेळाडूंना राहायला खोल्या. गावात पश्चिमेकडे १९२३ सालचं जुनं स्टेडियम आहे. तिथे फेब्रुवारी-मार्चमध्ये सराव सामने होतात आणि पिट्सबर्गची थंडी चुकवून आलेले आजी-आजोबा पिवळ्या-काळ्या टोप्या घालून बसतात. त्या स्टेडियमला २०१७ पासून एका वैद्यकीय महाविद्यालयाचं नाव आहे: लेकॉम पार्क. बेसबॉलच्या मैदानाला डॉक्टर घडवणाऱ्या कॉलेजचं नाव असावं, यात आताशा कोणाला गंमतही वाटत नाही.

मार्चअखेर मोठा संघ उत्तरेला निघून जातो, पर्यटक पांगतात, आणि पायरेट सिटीचं खरं वर्ष सुरू होतं. मागे राहतात ते दोनच प्रकारचे लोक. एक, अजून कुठेच न पोचलेली पोरं: डॉमिनिकन रिपब्लिक, व्हेनेझुएला, कोलंबियातून आलेली, सतरा-अठरा-एकोणीस वर्षांची, भर उन्हात, बिनतिकिटाचे, जवळजवळ बिनप्रेक्षकांचे, अमेरिकेतल्या सगळ्यात खालच्या पायरीवरच्या कॉम्प्लेक्स लीगचे सामने खेळणारी. दुसरे, दुखापतीने मोडून परत आलेले, पुन्हा खेळता यावं म्हणून उपचार आणि व्यायाम करणारे. यांना तिथल्या बोलीत ‘रिहॅब ग्रुप’ म्हणतात. दोघांचं जेवणघर एक, व्यायामशाळा एक. एकाला आपलं भविष्य आणि दुसऱ्याला आपला भूतकाळ रोज सकाळी नाश्त्याला समोर बसलेला दिसतो.

या रिहॅबमागचं शास्त्र किती पुढे गेलंय ते मराठी वाचकांना थोडं सांगते. तुम्हाला पाठ आहे, तुम्ही हा भाग वगळला तरी चालेल.

पिचर चेंडू फेकतो तेव्हा कोपराच्या आतल्या बाजूला एक छोटं लिगामेंट, म्हणजे हाडांना हाडं बांधणारा पट्टा, ताणलं जातं. अलाबामातल्या बर्मिंगहॅमच्या अमेरिकन स्पोर्ट्स मेडिसिन इन्स्टिट्यूटने प्रौढ पिचरांची मोजमापं नव्वदच्या दशकातच घेतली: जोरात फेकलेल्या प्रत्येक चेंडूला कोपरावर सुमारे ६४ न्यूटन-मीटरचं पिळणारं बल येतं. मृतदेहांवरच्या प्रयोगांत हेच लिगामेंट सुमारे ३२ न्यूटन-मीटरला तुटलं. म्हणजे निम्मा भार आजूबाजूचे स्नायू उचलतात म्हणून ते टिकतं. स्नायू थकले की तो वाटाही लिगामेंटवर पडतो. यात कमनशिबाचा भाग फार थोडा, साधं गणित जास्त.

१९७४ च्या जुलैत लॉस एंजेलिस डॉजर्सचा पिचर टॉमी जॉन याचं हे लिगामेंट तुटलं. तोवर याचा अर्थ एकच होता, घरी जा. डॉ. फ्रँक जोब यांनी २५ सप्टेंबर १९७४ ला त्याच्या उजव्या हातातली एक पातळ कंडरा (टेंडन), पामॅरिस लाँगस नावाच्या स्नायूची, काढून डाव्या कोपरात हाडांना भोकं पाडून ओवली. अंगठा आणि करंगळीची टोकं जुळवून मनगट किंचित आत वाकवा, मध्ये सुतळीसारखं जे वर येतं तीच ही कंडरा. काहींच्या हातात ती नसतेच, मग मांडीतली घेतात. जोब यांनी त्याला परतण्याची शक्यता शंभरात एक सांगितली होती. टॉमी जॉन १९७६ ला परत आला आणि १९८९ पर्यंत खेळला. बेसबॉलमध्ये जिंकलेला सामना पिचरच्या नावावर लागतो; त्याच्या २८८ विजयांपैकी १६४ शस्त्रक्रियेनंतरचे. त्या शस्त्रक्रियेला आज जगभर त्याचंच नाव आहे, सर्जनचं नाही. (जोब यांना हॉल ऑफ फेममध्ये अजून जागा मिळालेली नाही, टॉमी जॉनलाही नाही. तो वेगळ्या पत्राचा विषय.)

पुढचे बारा ते अठरा महिने मात्र सर्जनचे नसतात. ते फिजिओचे, ट्रेनरचे आणि त्या मुलाचे. पहिले काही दिवस पट्टी, मग सहा-एक आठवडे बिजागरीचा ब्रेस, रोज थोडे थोडे अंश उघडणारा. कोपर सरळ होईपर्यंत माझ्यासारख्यांच्या बोटांखाली रोजची रडारड. चार-पाच महिन्यांनी पहिला चेंडू, तोही पंचेचाळीस फुटांवर, हळू, मोजून. मग साठ, नव्वद, एकशे वीस फूट. टेकाडावर, म्हणजे माउंडवर, उभं राहायला साधारण आठ-नऊ महिने जातात. मग फलंदाज समोर उभा करून, मग लुटुपुटूच्या सामन्यात. यातला कुठलाही टप्पा घाईने ओलांडला की मागे दोन टप्पे. हे सगळं पायरेट सिटीसारख्या ठिकाणी ज्या शिस्तीने चालतं तशी शिस्त माझ्या क्लिनिकला परवडत नाही, विमा कंपनी अमुक इतक्या भेटींनंतर हात वर करते. तुमच्याकडे पैसा आहे, जागा आहे, सकाळी सहाला दिवे लावणारी माणसं आहेत. मला त्यांचा हेवा वाटतो, आदरही.

आता हिशेबाकडे येते.

२००८ च्या नोव्हेंबरात पायरेट्सनी उत्तर प्रदेशातल्या दोन भालाफेकपटूंना करारबद्ध केलं, रिंकू सिंग आणि दिनेश पटेल. भारतात घेतलेल्या वेगवान चेंडूफेकीच्या स्पर्धेत ते सापडले होते. रिंकूने ताशी ८७ मैल वेगाने चेंडू टाकून एक लाख डॉलर जिंकले होते. त्याआधी दोघांनी बेसबॉल हातात धरला नव्हता. ४ जुलै २००९ ला दोघेही अमेरिकेतल्या व्यावसायिक सामन्यात उतरले आणि त्याच महिन्यात रिंकूच्या नावावर विजयही लागला. दिनेश २०१० अखेर मोकळा झाला. रिंकू चिकटून राहिला, २०१२ चा हंगाम वेस्ट व्हर्जिनियाच्या संघाकडून खेळला. मग हात गेला. पुढची वर्षं त्याची ब्रेडेंटनमध्ये दुरुस्तीत गेली. गंमत बघा, त्याच काळात, २०१४ साली, हॉलिवूडने त्याच्या यशावर चित्रपट काढला. थिएटरात तो चेंडू टाकत होता तेव्हा प्रत्यक्षात तो दुखापतीतून सावरत होता. मेजर लीगपर्यंत तो पोचला नाही. २०१८ मध्ये तो कुस्तीच्या रिंगणात उतरला, अंग कमावून, दाढी वाढवून, वेगळ्या नावाने.

त्याच वेळी पायरेट्सचाच आणखी एक पिचर ब्रेडेंटनमध्ये याच शस्त्रक्रियेनंतरचे महिने मोजत होता, जेम्सन टायॉन. २०१० च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे क्लबांनी नवे खेळाडू पाळीपाळीने निवडण्याच्या फेरीत, दुसऱ्या क्रमांकावर निवडलेला, ६५ लाख डॉलर हातात घेऊन आलेला. २०१४ च्या एप्रिलमध्ये टॉमी जॉन, २०१५ ला हर्नियाची शस्त्रक्रिया. सलग दोन हंगाम कोरडे. जून २०१६ मध्ये तो मेजर लीगमध्ये उतरला. २०१७ ला वृषणाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया होऊन महिनाभराने पुन्हा माउंडवर. २०१९ ला दुसऱ्यांदा कोपर. तरी २०२२ च्या डिसेंबरात शिकागो कब्जनी त्याला चार वर्षांसाठी ६ कोटी ८० लाख डॉलर दिले. या माणसाच्या चिकाटीपुढे मी हात जोडते.

दोघांमध्ये गुणांचा फरक होता, मोठा होता, हे मलाही कळतं. भालाफेक सोडून विसाव्या वर्षी बेसबॉल शिकलेला मुलगा आणि टेक्ससमध्ये लहानपणापासून पिचिंग करत आलेला मुलगा यांची बरोबरी कोणी करू नये. माझा मुद्दा एवढाच की टायॉनची गोष्ट तुम्ही सांगता. ती तुमच्या पत्रकांत असते, वार्ताहरांना दिलेल्या मुलाखतींत असते, करारावर सही करायला बसलेल्या सोळा वर्षांच्या मुलाच्या बापाला ती ऐकवली जाते: कोपर गेला तरी घाबरू नका, आमच्याकडे सोय आहे. रिंकूची गोष्ट निदान चित्रपटामुळे लोकांना माहीत झाली. त्या जेवणघरातल्या बाकीच्यांची गोष्ट कुठे आहे?

आकडा विचारते आहे. तुमच्या मायनर लीगच्या, म्हणजे मेजर लीगखालच्या पायऱ्यांवरच्या, संघांतले किती पिचर दर वर्षी कोपराच्या किंवा खांद्याच्या शस्त्रक्रियेला जातात? त्यातले किती पुन्हा अधिकृत सामन्यात उतरतात? उतरल्यावर वर्षभराच्या आत किती मोकळे केले जातात? मेजर लीगच्या पिचरांबद्दल असे अभ्यास झालेत. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात टॉमी जॉन झालेल्या १७९ पिचरांपैकी ८३ टक्के मेजर लीगमध्ये परतले होते. हाच आकडा सगळीकडे ऐकवला जातो, माझ्या क्लिनिकमध्ये आलेला प्रत्येक बाप मला तो ऐकवतो. पण तो शिखरावर आधीच पोचलेल्यांचा आकडा आहे, ज्यांच्यावर कोट्यवधी डॉलर लागलेत आणि ज्यांची वाट बघायला क्लब तयार असतो त्यांचा. खालच्या पायऱ्यांवरच्या पोरांचा क्लबवार हिशेब तुम्ही मांडत नाही.

तो तुमच्याकडे नाही असंही नाही. २०१० च्या सुमारास तुम्ही हेल्थ अँड इंज्युरी ट्रॅकिंग सिस्टिम सुरू केली, थोडक्यात ‘हिट्स’. मेजर आणि मायनर, दोन्हीकडची प्रत्येक दुखापत तीत नोंदली जाते: कुठे झाली, किती दिवस बाहेर, कधी परत. दीड दशकाची नोंद आहे. संशोधकांना तुम्ही ती देता, त्यावर उत्तम शोधनिबंध निघतात. म्हणून माझी पहिली मागणी: त्यातले क्लबवार आकडे, नावं न देता, दर जानेवारीत एका पानावर छापा. त्याला किती खर्च येईल? खासगीपणाचा प्रश्न नावं आणि तारखा काढल्या की मिटतो. प्रतिस्पर्ध्यांना फायदा होईल म्हणाल, तर तीसच्या तीस क्लबांनी एकाच दिवशी छापावं, कोणाचाच तोटा नाही.

मला वाटतं, अडचण वेगळी आहे. हा आकडा छापला तर लोक त्याच्या आधीचा प्रश्न विचारतील: हे हात मोडतात कशामुळे?

त्याचं उत्तर तुम्हीच दिलंय. १७ डिसेंबर २०२४ ला मेजर लीग बेसबॉलने पिचरांच्या दुखापतींवरचा ६२ पानी अहवाल प्रसिद्ध केला. दोनशेहून अधिक माणसांच्या मुलाखती: सर्जन, ट्रेनर, प्रशिक्षक, माजी पिचर. निष्कर्ष मांडताना अहवालाने आडपडदा ठेवला नाही. वेगाचा हव्यास, चेंडू अधिकाधिक वळवण्याचा हव्यास आणि प्रत्येक चेंडू जिवाच्या करारावर टाकण्याची सवय, ही प्रमुख कारणं. २००८ मध्ये फास्टबॉलचा सरासरी वेग ताशी ९१.३ मैल होता, २०२४ मध्ये ९४.२. कागदावर तीन मैल. कोपराला विचारा.

अहवाल वाचून मी मनापासून खूश झाले होते. पण तो तुमच्या इमारतींपर्यंत पोचल्याचं दिसत नाही. आजच्या संकुलांत एका दालनात ब्रेस घातलेला मुलगा हात सरळ करायला शिकत असतो आणि दुसऱ्या दालनात वेगवान कॅमेरे, जमिनीत बसवलेल्या बलमापक पट्ट्या आणि वजनदार चेंडू घेऊन त्याचाच मित्र आणखी दोन मैल काढायला शिकत असतो. दोन्ही दालनांची तरतूद एकाच अंदाजपत्रकात. दुखापत टाळता आली नाही ही तुमची हार आहे असं कोणी मानत नाही. ती खर्चात धरलेली आहे. जोवर नवा हात घ्यायला वीस-पंचवीस हजार डॉलर पुरतात, तोवर मोडलेल्या हाताचं कोडं सोडवायची घाई कोणाला असेल? डॉमिनिकन रिपब्लिकमधली सोळा वर्षांची मुलं काही लाखांत करार करतात तसे काही हजारांतही करतात. हे कडवट वाटेल, वाटू द्या.

वजनदार चेंडूंबद्दल एक सांगते, कारण माझ्याकडची निम्मी मुलं त्यातूनच येतात. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात तेरा ते अठरा वर्षांचे ३८ निरोगी पिचर घेतले. निम्म्यांना सहा आठवडे वजनदार चेंडूंचा सराव दिला. त्यांचा वेग ३.३ टक्के वाढला. आणि त्यांच्यातल्या २४ टक्के मुलांना दुखापत झाली. ज्यांनी तो सराव केला नाही त्या गटात एकालाही नाही. यूट्यूबवर वेग वाढवण्याचे व्हिडिओ बघून गॅरेजमध्ये भिंतीवर चेंडू आपटणाऱ्या मुलाला यातला वेगाचा आकडा माहीत असतो, दुखापतीचा नसतो. तुमच्या स्काउटलाही, म्हणजे खेळाडू हेरणाऱ्या माणसालाही, वेगाच्याच आकड्यात रस असतो. शाळेच्या मैदानावर जाळीमागे उभा राहून तो यंत्रावरचाच आकडा वहीत उतरवतो.

२००६ मध्ये बर्मिंगहॅमच्याच संस्थेने शस्त्रक्रिया झालेल्या किशोरवयीन पिचरांची निरोगी मुलांशी तुलना केली. वर्षात आठ महिन्यांहून जास्त स्पर्धात्मक पिचिंग करणाऱ्यांना शस्त्रक्रियेची शक्यता पाचपट. हात थकलेला असताना नेहमी पिचिंग करणाऱ्यांना छत्तीसपट. छत्तीस. मी हा आकडा क्लिनिकच्या भिंतीवर लावलाय. त्यानंतर २०१४ मध्ये तुम्ही आणि यूएसए बेसबॉलने मिळून ‘पिच स्मार्ट’ नियम काढले: नऊ-दहा वर्षांच्या मुलाने दिवसाला ७५ पेक्षा जास्त चेंडू टाकू नयेत, अकरा-बारा वर्षांच्याने ८५, वर्षातून चार महिने पिचिंगला सुट्टी. नियम चांगले आहेत. पण फ्लोरिडात थंडी नाही, म्हणून सुट्टीही नाही. इथला मुलगा शाळेच्या संघातून एकदा, क्लबच्या संघातून दुसऱ्यांदा आणि शनिवार-रविवारच्या स्पर्धेत तिसऱ्यांदा पिचिंग करतो, आणि तिन्ही प्रशिक्षकांच्या वह्या वेगवेगळ्या. एकाही वहीत तो ८५ ओलांडत नाही.

आणि आईबाप? २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत शाळेतल्या ५१ टक्के खेळाडूंना आणि ३७ टक्के पालकांना वाटत होतं की कोपराला काही झालेलं नसतानाही टॉमी जॉन करून घ्यावी, खेळ सुधारतो. ‘मॅडम, ऑपरेशननंतर स्पीड वाढतो ना?’ हा प्रश्न मला मराठीतूनही विचारला गेलाय. वेग वाढलाच तर तो दीड वर्षाच्या व्यायामाने आणि वयाने वाढतो. पण ही समजूत आली कुठून? तुमच्या यशोगाथांतून आली. अपयशाचा आकडा शेजारी छापला असता तर ती इतकी रुजली नसती.

काही गोष्टी तुम्ही सुधारल्यात, त्या सांगायलाच हव्यात. २०२२ पासून मायनर लीगच्या बहुतेक खेळाडूंना राहायला जागा तुम्ही देता. त्याच वर्षी ही मुलं खेळाडूंच्या युनियनमध्ये आली आणि २०२३ च्या करारात कॉम्प्लेक्स लीगमधल्या मुलाचं किमान वार्षिक वेतन ४,८०० डॉलरवरून १९,८०० वर गेलं. वसंत-सरावाचेही पैसे मिळू लागले, जे आधी मिळत नसत. मागच्या पिढीतली मुलं एका भाड्याच्या खोलीत पाच-सहा जण गाद्या टाकून झोपायची, त्या मानाने हे खूप आहे. फक्त हे तुम्हाला सुचलं म्हणून नाही, कोर्टकचेऱ्या आणि युनियन झाल्यावर घडलं. २०२२ मध्येच वेतनाच्या दाव्यात १८.५ कोटी डॉलरची तडजोड तुम्हाला करावी लागली होती. पायरेट्सनी डॉमिनिकन रिपब्लिकमधल्या आपल्या अकादमीत मुलांना शालेय शिक्षण पूर्ण करायची सोय केली, हे मात्र कोणी डोक्यावर बसल्याशिवाय केलं असं मी मानते आणि त्याचं कौतुक करते.

पण त्याच २०२३ च्या करारात आणखी एक कलम होतं. एका क्लबला हंगामात अमेरिकेत ठेवता येणाऱ्या मायनर लीग खेळाडूंची मर्यादा २०२४ पासून १८० वरून १६५ झाली. पंधरा जागा गेल्या. यात पहिला बळी कोणाचा जाणार हे सांगायला फिजिओ असायची गरज नाही. दीड वर्ष रिहॅबमध्ये काढलेला, चोविशी गाठलेला, करार करताना मोठा बोनस न मिळालेला पिचर. जखमी असताना त्याला सहसा काढलं जात नाही, उपचारांचा खर्चही क्लब उचलतो, हे मला माहीत आहे. त्याचं काय होतं ते वेगळंच. तो बरा होतो. कागदावर ‘फिट’ असा शेरा पडतो. चार-सहा सामन्यांत त्याला उतरवतात, चेंडू अजून भरकटतो, कारण टॉमी जॉननंतर वेग आधी येतो आणि ताबा नंतर. मग एके सकाळी त्याला ऑफिसात बोलावतात. फिट माणसाला काढायला कोणाची हरकत नसते.

म्हणून दुसरी मागणी: तुमच्या नोकरीत असताना ज्याच्या हातावर शस्त्रक्रिया झाली, त्याला फिट ठरल्यानंतर एक पूर्ण हंगाम मिळावा. टायॉनला मिळाला तसा. तो १६५ च्या बाहेर मोजा, म्हणजे दुसऱ्या कोणाची जागा जाणार नाही. आणि हंगामाच्या शेवटी काढलंच, तर दोन वर्षांचं शिक्षण किंवा एखादा धंदा शिकण्याचा खर्च द्या. ज्याने सोळाव्या वर्षी शाळा सोडून तुमच्याशी करार केला त्याच्याकडे फक्त एका हाताचं कौशल्य होतं, ते तुमच्याकडे काम करतानाच गेलं. मायनर लीगचा करार २०२७ पर्यंत आहे. तोवर थांबायचं कारण नाही, पण थांबलातच तर तेव्हा तरी हे मेजावर यावं.

तिसरी मागणी छोटी आहे आणि तिला युनियन, करार, वकील काही लागत नाही. रिहॅबमधलं ज्ञान कुंपणाबाहेर येऊ द्या. ब्रेडेंटन, सॅरासोटा, पामेटो इथल्या शाळांचे आणि लहान मुलांच्या लिटल लीगचे प्रशिक्षक म्हणजे बहुतेक नोकरी सांभाळून संध्याकाळी येणारे बाप-काके असतात. थकलेला हात कसा ओळखायचा, कोपर खाली पडायला लागला की समजायचं काय, मुलगा खोटं बोलतोय हे चेहऱ्यावरून कसं ताडायचं, हे तुमच्या ट्रेनरना झोपेत विचारलं तरी सांगता येईल. वर्षातून दोन शनिवार ते या लोकांना शिकवू देत. आणि २०१९ पासून तुम्ही भारतातल्या शाळांतही बेसबॉल नेताय, मुंबईतल्या मुलांपर्यंतही तो पोचलाय. तिथल्या पीटीच्या सरांना चेंडू कसा पकडायचा हे शिकवताना चेंडूंची मोजणी आणि सुट्टीचे महिनेही त्याच दिवशी शिकवा. वेग मोजायचं यंत्र नंतर पाठवलं तरी चालेल, नाही पाठवलं तर उत्तम.

फेब्रुवारीच्या मध्यावर पिचर आणि कॅचर संकुलांत दाखल होतात, तुमच्या दृष्टीने नवं वर्ष तेव्हा उजाडतं. आकड्यांचं ते एक पान त्याआधी, जानेवारीत, यावं. आणि ब्रेडेंटनच्या प्रशिक्षकांसाठी पहिला शनिवार ठरलाच तर माझं क्लिनिक त्या दिवशी बंद असतं. खुर्च्या मांडायला आणि स्पॅनिशमध्ये चार शब्द समजावून सांगायला मी येईन.

कळावे,
फ्लोरिडाच्या पश्चिम किनाऱ्यावरची एक मराठी फिजिओथेरपिस्ट